कडक भाकरी आणि जहाजी बिस्कीट

जुन्या काळी लांबच्या सफरीत खलाशी जहाजावर दगडासारखी कडक, टिकाऊ बिस्किटं खात. आम्हा सोलापूरकरांना त्याचं फार नवल नाही. ज्वारीची कडक भाकरी पातळ थापून, ओल पार उडेपर्यंत शेकली की महिनोन्‌महिने टिकते. बिस्किटाचंही गुपित तेच. खलाशी ते टेबलावर आपटून आधी किडे झटकत (घ्या!), मग भिजवून खात.

खरी गोची क जीवनसत्त्वाची. बिस्कीट, खारवलेलं मांस, दोन्हींत ते नसल्यात जमा, म्हणून हिरड्या सुजून रक्त यायचं. १७४७ साली ब्रिटिश आरमाराचा डॉक्टर जेम्स लिंडने या रोगाने (स्कर्व्हीने) आजारी १२ खलाशांवर प्रयोग केला. संत्री-लिंबं मिळालेले दोघे झटपट सुधारले. तरी ब्रिटिश आरमारात लिंबूरस सुरू व्हायला १७९५ उजाडलं! भाकरी-शेंगाचटणीनेही हे टळलं नसतं. कोरडी मटकी नेऊन मोड आणले असते तर मात्र बरंच भागलं असतं, कारण मोडांत क जीवनसत्त्व तयार होतं.