मदत हवी आहे: अ‍ॅग्रीमेंट दोघांच्या नावावर, नवरा घर सोडून गेलाय

नमस्कार, पुण्यात भाड्याने राहते. लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केलेलं आहे, दोघांची नावं, दोघांचे अंगठे, भाडं २४ हजार, डिपॉझिट १ लाख आणि डिपॉझिट सगळं माझ्या खात्यातून गेलंय. दिवाळीनंतर नवरा त्याच्या आईकडे गेला, कपाटाचा त्याचा कप्पा रिकामा, पण दुसरी चावी त्याच्याकडेच आहे. घटस्फोटाची केस अजून कुणीच टाकलेली नाही.

पाच तारखेला मालक काकांचा मेसेज आला, की भाडं अर्धंच आलंय, मला पूर्ण पाहिजे, तुमचं तुम्ही बघा. माणूस वाईट नाही, त्यांचंही बरोबरच आहे. नवरा म्हणतो मी राहत नाही तर देणार नाही, उलट मीच मालकांना नोटीस देऊन घर सोडतो आणि डिपॉझिट अर्धं घेतो. त्याच्या एकट्याच्या नोटिशीने मला घर खाली करावं लागेल का? मुलीची शाळा इथेच आहे हो, वर्षाच्या मध्येच कुठे जाऊ.

२००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात भाड्याचं घरही धरतात आणि कोर्ट नवऱ्याला भाडं द्यायला सांगू शकतं हे वाचलंय, पण मारहाण नाही, फक्त पैसे बंद केलेत, तर ते लागू होईल का? मुदत मार्चमध्ये संपतेय, नंतर तसंच राहिलं तर दुप्पट भाडं लागू शकतं म्हणे, म्हणून नवीन अ‍ॅग्रीमेंट एकटीच्या नावावर करायचंय, पण जुनं डिपॉझिट त्यात वळतं करायला त्याची सही लागेल का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.