उ: पावसाळ्यानंतर चेनसॉ रेस दिली की बंद पडते

तुमची चेनसॉ (लाकूड कापायची साखळी-करवत) आयडलवर चालते आणि रेस दिली की मरते, म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पोचतंय. वर एकाने 'पेट्रोलात मिसळायचं ऑइल वाढवा' असं सुचवलंय, ते करू नका. ऑइल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल घटतं, शिवाय सायलेन्सरला काजळी धरते. मॅन्युअलमध्ये पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल), २५:१ असेल तर ४०. अंदाजाने झाकणभर नको.

खरा घोळ जून ते गणपतीपर्यंत टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेतलं पाणी ते ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट तळाशी बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर वजनाने तळाशीच पडलेला, म्हणजे इंजिनला मिळतो बिनऑइलचा थर. पिस्टन जाम होतो तो असा.

जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता. दोन थर दिसले तर फेकायचंच, पण विहिरीजवळ किंवा पऱ्यात (ओढ्यात) नाही. फिल्टर बदला. तरीही तसंच झालं तर कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ लवचिक पडदा) बघा: बोटाला पापुद्र्यासारखा कडक लागला तर किट बदला, स्क्रू फिरवत बसू नका.

पेट्रोल भरताना इंजिन थंड हवं, आणि स्टार्ट तिथून तीन मीटर लांब जाऊन, चेन ब्रेक (साखळी थांबवणारा ब्रेक) लावूनच.