वाईत उगाच भटकताना काय सापडलं?

परवा महाबळेश्वरला जाताना वाईत चहाला उतरलो आणि एसटी गेली. पुढची दीड तासाने. म्हटलं, चला कृष्णेच्या घाटावर. 'वाईत काय पाहावे' ही यादी नको, ती सगळीकडे आहे. नुसतं पाय नेतील तिकडे जाताना काय दिसलं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. ढोल्या गणपती सगळे समोरून बघतात, मी मागून बघितला. सरदार रास्त्यांनी १७६२ साली देऊळ बांधताना मागची भिंत माशासारखी निमुळती ठेवली, पुराचं पाणी फाटून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. त्या भिंतीलगत कुणीतरी गोधडी वाळत घातली होती.

*

माझं आजोळ मधल्या आळीत. आजी रोज तिन्हीसांजेला "घाटावर जाऊन येते गं" म्हणायची. नदीशी त्याचा फारसा संबंध नसे. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा जावई रुसलाय, हे सगळं पायऱ्यांवर कळायचं. थंडी सरताना कृष्णाबाईचा उत्सव, एकेका घाटाची पाळी. पंगतीत आमटी अशी वाढायचे की भाताचं आळं फुटून ओघळ थेट शेजारणीच्या परकरापर्यंत! तसली आमटी घरी कधीच जमली नाही, आईलाही नाही.

*

काशीविश्वेश्वराचा नंदी. भर एप्रिलच्या दुपारी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघा, गार लागतो. बाकी काही सांगायचं नाही.

*

बाबा विश्वकोशात होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे एवढा मोठा कोश या एवढ्याशा गावात बसून झाला, पहिला खंड १९७६चा. बाबांचे सहकारी संध्याकाळी फिरायला निघायचे, तेही कामच करत. एखाद्या शास्त्रीय शब्दाला मराठीत काय म्हणावं यावरून घाटावर इतकी वादावादी चाले की हातातली भेळ सादळून जाई. मी सात-आठ वर्षांची. मला भेळेचं दुःख.

*

मेणवलीपर्यंत चालत जा, फार लांब नाही. नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि घाटावरच्या देवळात वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे! आम्ही गेलो त्या दिवशी मात्र शूटिंग होतं. एका पोराने दोरी धरून आम्हाला तासभर उन्हात उभं केलं. घाट सगळ्यांचा, दोरी यांची. शेवटी बाजूच्या उसाच्या बांधावरून उतरलो, गुडघाभर चिखल.

*

सगळे गोडगोड लिहिताय म्हणून सांगतो, मी इथलाच. मे महिन्यात या. वर धोम धरण, त्यातून सोडतील तेवढंच पाणी. डबक्यात निर्माल्य, पिशव्या, वास. तरीही मी रोज जातो. न जाऊन सांगतो कुणाला? घरी बसलो तर बायको किराण्याला पिटाळते.

*

पहिल्या लेखकास : ती गोधडी आमची. पुढच्या वेळी दिसली तर जरा उलटी करून ठेवा, एकाच बाजूने वाळते.