मदत हवी आहे: दुसऱ्यांची मननं आणि उपदेशकांचे रील

जय ख्रिस्त. आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या पेजवर दुसऱ्यांची मननं, म्हणजे बायबलवरचे छोटे चिंतनलेख, टाकली जातात; त्यासाठी नियम ठरवायचे आहेत. शेअर केलं की मूळ लेखकाचं नाव सोबत जातं. स्क्रीनशॉट कापून टाकला की नेमकं तेच गळतं. खाली ‘साभार’ लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे, आणि निर्गम 20:15 (‘चोरी करू नको’) इथेही लागू आहेच. अशा कापून टाकलेल्या जुन्या पोस्ट सरळ काढाव्यात, की लेखकाला विचारून, नाव घालून ठेवाव्यात?

दुसरा प्रश्न जास्त काळजीचा. रोज एकाच उपदेशकाचे रील टाकले की मुलं वचन उघडण्याऐवजी त्याचीच वाक्यं, त्याचीच ढब उचलतात. बायबलमध्ये करिंथच्या मंडळीतही ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ असे उपदेशकांच्या नावाने गट पडले होते. लुस्त्र गावात लोक उपदेशकांनाच देव समजले आणि त्यांना बळी अर्पायला पुजारी बैल आणि हार घेऊन आला, तेव्हा पौल आणि बर्णबाने आपली वस्त्रं फाडली! उपदेशकांचा आदर राखून मुलांना हे कसं समजवावं?