मुंबईत दोन दिवस: वडिलांना कोणत्या इमारती दाखवाव्यात?

गोदाकाठ (प्रश्न):
नमस्कार. डिसेंबरात मी वडिलांना घेऊन नांदेडहून दोन दिवसांसाठी मुंबईला येत आहे. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. सारा जन्म पूल, मोऱ्या आणि शाळाखोल्यांच्या कामावर उभे राहिल्यामुळे इमारत दिसते कशी यापेक्षा ती उभी कशी केली, यातच त्यांना अधिक रस असतो. गेटवे ऑफ इंडिया त्यांनी पूर्वी पाहिले आहे. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार जिने चढता येणार नाहीत. पंचवीस ठिकाणांची यादी नको आहे. मोजक्याच, पण नीट थांबून पाहण्याजोग्या इमारती कोणी सुचवाव्यात, ही विनंती.

फोर्टातला पादचारी:
मी एकच जागा सुचवीन, आणि तेथे जिनाही नाही. चर्चगेट स्थानकाजवळच्या ओव्हल मैदानातून आडवी जाणारी पायवाट आहे. तिच्या मध्यावर वडिलांना उभे करा आणि आधी पूर्वेकडे, मग पश्चिमेकडे पाहायला सांगा.

पूर्वेला १८७० च्या दशकातल्या दगडी गॉथिक (टोकदार कमानी-मनोऱ्यांच्या युरोपीय धाटणीच्या) इमारतींची रांग आहे: जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय आणि तिच्या उत्तर टोकाला बांधकाम खात्याची जुनी कचेरी. आपल्या खात्याचे हे घर वडिलांनी पाहायलाच हवे. पश्चिमेला, समुद्र हटवून केलेल्या भरावाच्या जमिनीवर, १९३० च्या दशकापासून उठलेल्या आर्ट डेको इमारती आहेत. त्यांचे सज्जे गोलाकार वळतात, खिडक्यांवर उन्हापावसासाठी लांब छज्जे आहेत आणि नावेही वळणदार अक्षरांत कोरलेली आहेत. मधल्या साठ वर्षांत बांधकाम दगडावरून सळई-काँक्रीटवर कसे आले, हे त्या एका पायवाटेवर मान वळवताच दिसते. या दोन्ही बाजूंच्या आणि मरीन ड्राइव्हपर्यंतच्या मिळून ९४ इमारतींचा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

राजाबाई मनोरा सुमारे ८५ मीटर उंच आहे. त्याच्या खर्चातला मोठा वाटा कापसाच्या व्यापारात गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी दिला आणि नाव आपल्या आईचे दिले. मनोऱ्यावर चढू देत नाहीत, त्यामुळे गुडघ्यांची काळजी तेथे आपोआप मिटते. न्यायालय व सभागृह आतून पाहता येतील असे मात्र धरून चालू नये.

घडीव दगड:
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त वडिलांचा प्रश्न 'उभी कशी केली' हा असल्यामुळे थोडी भर घालतो. विद्यापीठाच्या इमारतींचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत, त्यांनी कागद विलायतेतून पाठवले. ते कागद दगडात उतरवले ते येथल्या माणसांनी. राजाबाई मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने घडवणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र हे सहायक अभियंता होते. वडिलांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहावा असा हा माणूस, पण मार्गदर्शकांच्या तोंडी त्याचे नाव क्वचितच येते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचेही तसेच. त्याचे श्रेय वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांना जाते आणि ते योग्यच आहे. परंतु १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे चाललेल्या त्या कामावर सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता होते, आणि पानाफुलांचे, पशुपक्ष्यांचे कोरीवकाम सर ज. जी. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केले. तेथे गेल्यावर सरळ फलाटाकडे न जाता आधी रस्त्याच्या पलीकडे, महापालिकेच्या इमारतीजवळ (तीही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची) उभे राहून घुमट पाहावा. अष्टकोनी आणि फासळ्यांचा तो दगडी घुमट गॉथिक धाटणीच्या इमारतीवर बसवणे हे त्या काळी धाडसाचे काम होते. गर्दीच्या वेळी तेथे क्षणभरही उभे राहवत नाही, म्हणून रविवारी सकाळी जावे.

दगडाकडेही लक्ष द्यावे. मालाड-कुर्ल्याकडचा पिवळसर दगड, निळसर काळा बसाल्ट आणि बारीक नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ चुनखडक असे तिन्ही दगड या परिसरात शेजारी शेजारी दिसतात. वडील हात लावूनच ओळखतील.

जाता जाता एक गंमत. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव चार्ल्स यांनी १९३३ मध्ये कुलाब्याजवळचे रीगल चित्रपटगृह आर्ट डेको धाटणीत बांधले. बापाने गॉथिक टोके उभारली आणि मुलाने ती सगळी साफ पुसून सरळ रेषा ओढल्या.

बाणगंगेची पायरी:
दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मुंबई म्हणताच आपण सगळे दक्षिण मुंबईतल्या फोर्ट भागातच का घुटमळतो, हे मला कधी कळलेले नाही. एक दिवस फोर्टाला द्या, दुसरा मलबार हिल आणि गिरगावाला.

वाळकेश्वरचे बाणगंगा तळे शिलाहार राजांच्या काळातले, बाराव्या शतकातले मानले जाते, आणि आजच्या बांधणीचे मूळ १७१५ मध्ये राम कामत यांनी केलेल्या जीर्णोद्धारात आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तळ्याला गोड्या पाण्याचा झरा आहे. चारी बाजूंनी उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, काठावरची देवळे आणि दीपमाळा पाहताना डोक्यावर उंच इमारती आहेत याचा विसर पडतो. पायऱ्या उतरण्याची गरज नाही, काठावर बसूनही सगळे दिसते. तेथून गिरगावात खोताच्या वाडीत जावे. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि उतरत्या कौलांची घरे असलेली ही वाडी अर्ध्या तासात पाहून होते. घरांत माणसे राहतात, तेव्हा दारात उभे राहून छायाचित्रे काढण्याआधी विचारावे.

गोदाकाठ:
सर्वांचे आभार. मुकुंद रामचंद्र यांच्याविषयी वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी लगेच विचारले की पुतळ्यांचे नमुने मातीत केले असतील की प्लास्टरमध्ये. उत्तर माझ्याकडे नव्हते. एक शंका आहे: वडिलांना लोखंडी बांधकामही आवडते. तसे काही वाटेत आहे का?

फोर्टातला पादचारी:
आहे. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात तिचे बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणल्या व येथे जोडल्या. ७ जुलै १८९६ रोजी सिनेमाचे आद्य प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रे भारतात प्रथम येथेच दाखवली गेली. आज इमारत मोडकळीस आलेली आहे, त्यामुळे बाहेरून, समोरच्या पदपथावरूनच पाहावी. सांगाडा तेथूनही वाचता येतो, आणि तुमच्या वडिलांना तर नक्कीच येईल. ओव्हलपासून ती चालत दहा मिनिटांवर आहे. वाटेत डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या कमानीखाली सावली मिळेल, तेथे थोडे थांबता येईल.