चाळिशीत ढोल-ताशा पथकात जायचं आहे, पहिला महिना कसा काढू?

गप्प_हिशेबनीस विचारते:

नमस्कार मंडळी. वय ३९, हिशेबाची नोकरी, राहणं नागपुरात, त्रिमूर्तीनगरला. ऑफिसात, सोसायटीत, सासरी-माहेरी सगळीकडे माझी ओळख एकच: "ती काही बोलत नाही." यंदा घराजवळच्या एका पथकाच्या सरावाला नाव द्यायचं ठरवलंय. तिथे मला कोणी ओळखत नाही, आणि मला तेच हवंय.

पथकात बहुतेक पोरं-पोरी विशी-बाविशीची. मी वाद्याला आजवर हात लावलेला नाही. ढोल घ्यावा, की झांज-ध्वजापासून सुरुवात करावी? पहिल्या दिवशी काय बोलावं, काय टाळावं? सगळ्यांसमोर हात चुकला तर काय करायचं? आणि "नवीन मी" वगैरे खरंच जमतं का, की महिनाभरात तिथेही "ती काही बोलत नाही"च होणार? धीराचे शब्द नकोत, काय करायचं ते सांगा.

टिपरू_आणि_थाप:

हाव ना ताई, या बिनधास्त. वयाचं मनातून काढा. पथकाला रोज येणारा माणूस लागतो, बाकीचं शिकवता येतं.

आधी वाद्याचं. नवीन बायकांना हमखास ध्वज नाहीतर झांज सुचवतात. ध्वज हलका दिसतो, पण वाऱ्यात तासभर धरला की खांदे भरून येतात, शिवाय ध्वजवाली सगळ्यात पुढे, सगळ्यांच्या नजरेत. झांज सोपी वाटते, पण जरा मागे पडली की लगेच कानाला खटकते. ढोलाची रांग मोठी असते, वीस-पंचवीस ढोलांत एक कच्चा हात सहज झाकला जातो. लाजणाऱ्या माणसाला म्हणून ढोलच बरा. ताशा पहिल्या वर्षी नकोच. सुरुवातीची उचल ताशाच देतो, तो घसरला की अख्खं पथक घसरतं.

ढोल साधारण ८ ते १२ किलोचा. ते वजन कमरेच्या हाडावर यायला पाहिजे. पट्टा पोटावर आला की दम लागतो. सैल राहिला की ढोल मांड्यांवर आपटतो आणि दोन दिवस जिना उतरताना आठवण येते. गाठ मागे असते, स्वतःची स्वतःला नीट मारता येत नाही, दुसऱ्याकडून मारून घ्यावी लागते. तुमच्यासारखीला हे सोयीचंच आहे: "जरा गाठ मारून देतेस का?" हे पहिलं वाक्य आयतं मिळतं. दुसऱ्या दिवशी तिची गाठ तुम्ही मारायची.

टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, मुठीत आवळू नका. अंगठा आणि पहिल्या बोटात धरा, बाकीची बोटं नुसती टेकलेली. पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या तोंडावर, आदळलं की ते आपोआप उसळतं, उसळू द्या. नवखा माणूस भीतीने आवळतो, मग जोर मनगटाऐवजी खांद्यातून येतो, चार दिवसांत मनगट धरतं आणि बोटांच्या मुळाशी फोड येतात. कापडी चिकटपट्टी फोड यायच्या आधी गुंडाळायची. आल्यावर गुंडाळली तर काढताना कातडी सोबत घेऊन येते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरी. थापेने बोटं सुजतात आणि अंगठी अडकून बसते.

आता हात चुकण्याचं. चुकल्यावर माणूस दोनपैकी एक करतो: थिजून उभा राहतो, नाहीतर पकडायच्या घाईत आणखी जोरात बडवतो. दुसरं जास्त वाईट, कारण ते ऐकू येतं. टिपरू पानापासून वीतभर वर उचलून धरा, पाय चालू ठेवा, नजर आपल्या हातावरून काढून ताशेवाल्याच्या हातावर न्या आणि पुढचं आवर्तन सुरू होईल तिथे आत या. मधल्या मात्रेवर घुसू नका. हे "बाहेर पडून आत येणं" मुद्दाम घोटा: घरी मांडीवर उशी घेऊन एक हात, म्हणजे ठोक्यांचा एक ठरलेला तुकडा, वाजवायचा, मध्येच थांबायचं, तोंडाने बोल चालू ठेवायचे, पुन्हा पहिल्या ठोक्याला उचलायचं. रोज दहा मिनिटं पुरेत. ज्याला परत आत येता येतं त्याला चुकायची भीती निम्मीच राहते.

मागची_रांग:

वाद्याचं वर नीट आलंय. माणसांचं मी सांगतो.

नवीन गटात आपली ओळख पहिल्या आठ-दहा दिवसांत ठरते, आणि ती बऱ्याचदा आपणच आपल्या तोंडाने ठरवून देतो. "मला काही येत नाही हं", "माझं वय झालंय", "मी जरा बुजरीच आहे" ही तीन वाक्यं पहिल्या आठवड्यात बोलायची नाहीत. समोरचा ते सौजन्याने ऐकून घेतो आणि तसंच धरून चालतो. पुढे तुम्ही कितीही वाजवा, "काकूंना सोपा हात द्या" सुरू होतं. त्याऐवजी एवढंच: "नवीन आहे, पहिला हात कोण दाखवेल?"

काकूवरून आठवलं. पोरं तुम्हाला पहिल्याच दिवशी काकू म्हणणार, त्यात वाईट काही नाही. पण नको असेल तर तिथल्या तिथे हसून सांगा, "ताई म्हण." तिसऱ्या दिवसानंतर ते बदलत नाही, मग भांडूनच बदलावं लागतं. उलट बाजूही सांभाळा. पथकात दादा-ताई हे वयावर नसतं, आधी कोण आलं यावर असतं. बावीस वर्षांचा ताशाप्रमुख तुमचाही दादाच. तो सगळ्यांसमोर "ताई, थाप उशिरा येऊन राहिली" म्हणाला तर "हो दादा" म्हणून दुरुस्त करायची. ऑफिसात पोरवयाच्या माणसांना सूचना द्यायची सवय असेल तर हे जड जातं. वय वाढल्यावर नव्या गटात शिरायला धाडस लागतं ते मुख्यतः इथे, चारचौघांत बोलायला तेवढं लागत नाही.

"नवीन मी"बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. अख्खा स्वभाव बदलून जाऊ नका. गप्प माणूस ठरवून बडबड्या झाला की दोन आठवड्यांत दमतो, मग सरावाला दांड्या, मग गळती. एकच गोष्ट वेगळी ठरवा, तीही डोळ्यांना दिसणारी. म्हणजे असं: सरावाच्या वीस मिनिटं आधी पोहोचायचं. तेव्हा चार-पाचच जण असतात, ढोल काढून लावायचे असतात, दोऱ्या ताणायच्या असतात. हाताला काम असलं की बोलणं आपोआप सुटतं. पंचेचाळीस जणांत शिरणं अवघड, पाच जणांत सोपं. रोज दोन नावं पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारायची, बस.

सगळे आपल्याकडेच बघतात असं वाटतं, त्याबद्दल एक. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असेल. प्रत्यक्षात पाहिलं होतं साधारण चौथ्या हिश्शाने. आणि त्या खोलीत ढोलही वाजत नव्हते.

कान_शाबूत:

दोनच गोष्टी, पण टाळू नका.

कान: ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची सुरक्षित मर्यादा धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं, आणि ढोल-ताशाच्या रांगेत १०० सहज ओलांडतात. कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी. फोमचे इअरप्लग घ्या, बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सारा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसते खोचले तर पडतात. रात्री कानात शिट्टी वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशी ताशाजवळून दूर उभं राहा.

पाणी: आपल्याकडे जुलैत ऊन नसलं तरी उकाड्याने घामाच्या धारा लागतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने, वरून लिंबू. बाटली स्वतःची न्या. एखादी जास्तीची नेली तर मैत्री वाढते.

गप्प_हिशेबनीस:

मनापासून आभार, हे कागदावर उतरवून घेतलं. आणखी तीन शंका. एक, ऑफिसातली एक मैत्रीण म्हणते मीही येते, आणू का? दोन, मिरवणुकीत ओळखीचे लोक दिसणारच, तेव्हा पोटात गोळा येईल. तीन, चष्मा.

मागची_रांग:

मैत्रीण पहिला महिना नको. सोबत वाटते, पण तुम्ही दोघी एकमेकींशीच बोलाल, आणि ती कौतुकाने का होईना सांगणारच, "अगं ही ऑफिसात तोंड उघडत नाही." जी ओळख मागे टाकून आलात ती पहिल्याच दिवशी ढोलावर येऊन बसेल. दुसऱ्या महिन्यात खुशाल आणा, तेव्हा तिला तुमची गाठ मारायला शिकवा.

मैत्रीला वेळ लागतो, हेही धरून चला. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सोबतीचे सुमारे ५० तास, पक्क्या मित्रापर्यंत ९०, जिवलगासाठी २००च्या वर. आठवड्यात पाच दिवस दोन-दोन तास धरले तर पन्नास व्हायला पाच आठवडे. पण वाजवताना कोणी कोणाचं ऐकत नाही! खरे तास मोजायचे ते ढोल टेम्पोत चढवताना, खोळी घालताना आणि नंतरच्या तर्री-पोह्यांना. नवीन माणसं सराव संपला की पहिली गाडी काढतात, आणि मग म्हणतात इथे कोणी आपलं नाही. घरी उशीर चालत नसेल तर रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी थांबा.

टिपरू_आणि_थाप:

ओळखीच्यांचं: नागपूर केवढंसं आहे, रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेच्या रस्त्यावर अर्धं ऑफिस उभं असतं. कोणी नावाने ओरडलं तर मान डोलवा, नजर परत ताशाकडे. थांबून हात दाखवायला गेलात की आवर्तन सुटतं. सोमवारी ऑफिसात "तू? ढोल?" विचारतील, तर "हो, जूनपासून" एवढं पुरे. "सहज गेले हो, काही विशेष नाही" म्हणू नका, लोक लगेच मान्य करतात. पहिली मिरवणूक मात्र रांगेच्या मधोमध वाजवा, कडेला नको. कडेच्या माणसाला गर्दी ढकलते, शिवाय मोबाइलवाले तिथेच घुसतात.

चष्म्याला मागून दोरी लावा, रबरी असेल तर उत्तम. घामाने तो नाकावरून घसरतो आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. पायात बूट, चप्पल नको. टेम्पोतून ढोल उतरवताना तो आधी अंगठ्यावरच येतो.