मदत हवी आहे : वराहमिहिराने सांगितलेले ग्रहणाचे दहा प्रकार

नमस्कार. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिराने बृहत्संहिता या आपल्या ग्रंथातील राहुचार या अध्यायात ग्रासाचे, म्हणजे ग्रहणात बिंब झाकले जाण्याचे, दहा प्रकार दिले आहेत : सव्य, अपसव्य, लेह, ग्रसन, निरोध, अवमर्द, आरोह, आघ्रात, मध्यतम आणि तमोन्त्य. आज आपण पंचांगात वाचतो त्या खग्रास, खंडग्रास आणि कंकणाकृती या सूर्यग्रहणाच्या प्रकारांशी त्यांचा मेळ कसा घालावा, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मध्यतमाचे वर्णन मध्यभागी अंधार आणि सभोवती स्वच्छ बिंब असे असल्याने, चंद्र पृथ्वीपासून दूर असताना त्याचे बिंब सूर्यबिंबापेक्षा लहान दिसून होणारे कंकणाकृती ग्रहणच ते असावे, असे मला वाटते. १५ जानेवारी २०१० रोजी कन्याकुमारीहून दिसलेले ग्रहण याच जातीचे होते. आघ्रात म्हणजे उच्छ्वासाच्या वाफेने आरसा एका बाजूस धुरकटावा तसे बिंब. हा बहुधा अल्प खंडग्रासच. (उपमा मात्र सुरेख आहे.)

खरी अडचण तमोन्त्य आणि आरोह यांची आहे. कडेला दाट आणि मध्ये विरळ अंधार, किंवा ग्रहण सुटताच पुन्हा लागणे, हे सूर्याच्या बाबतीत घडणे शक्य दिसत नाही. ग्रहणाचे कारण राहू नसून सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो, हे त्याच अध्यायात स्पष्ट सांगणाऱ्या ग्रंथकाराने असे प्रकार का नोंदवले असावेत? ते केवळ शकुनांसाठी जुन्या परंपरेतून आले असावेत काय? संस्कृत टीका वाचलेल्या सभासदांनी कृपया खुलासा करावा.